चेन्नईच्या उकाड्यात शेरीचा गंध

चेन्नईतला मे महिना. रात्री नऊला अड्यारमधल्या मित्राच्या घरची वीज गेली आणि नेमका तोच मुहूर्त साधून त्याने शेरीच्या पिंपातली १८ वर्षांची स्कॉच उघडली. ग्लास नाकाशी नेला, तर मनुका नाहीत, खजूर नाही. नुसता स्पिरिटचा भपकारा. मित्र हिरमुसला.

दोष दारूचा नव्हता, खोलीतल्या ३५ अंशांचा होता. २० अंशांवरून ३५ वर गेलं की अल्कोहोलचा बाष्पदाब दुपटीहून अधिक होतो. नाकाला आधी तोच झोंबतो. नाजूक गंध मागे राहतात. फ्रिज अजून गार होता. ग्लास झाकून दहा मिनिटं आत ठेवले, मग चमचाभर पाणी घातलं. पाण्याचंही शास्त्र आहे. स्वीडनच्या लिनिअस विद्यापीठातल्या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपातून दाखवलं, की दारू सौम्य केली की ग्वायाकॉल हा धुरकट गंधाचा रेणू पृष्ठभागाकडे सरकतो, म्हणजे नाकाजवळ येतो. बर्फ मात्र नको. तो भपकाऱ्याबरोबर गंधही दाबतो.

आता मनुका आल्या, संत्र्याची साल आली, शेवटी जिभेवर सुपारीसारखा तुरटपणा. तो ओकच्या लाकडातल्या टॅनिनचा. युरोपीय ओकमध्ये ते अमेरिकी ओकपेक्षा जास्त असतं. सुक्या मेव्याची छटा स्पेनच्या ओलोरोसो शेरीची, लाकडात जिरलेली. ‘एजिंग’ला आपल्याकडे लोणच्याचा शब्द आहे: मुरणं. बरणी मात्र लोणच्याला स्वतःची चव देत नाही, पिंप देतं.

मग तेच पिंप चेन्नईत मुरवलं तर? लाकूड लवकर उतरेल, पण पिंपही लवकर रिकामं होईल. बाष्प होऊन उडणाऱ्या दारूला स्कॉटिश लोक ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. तिकडचे देवदूत मितभाषी, मिताहारीही: वर्षाला साधारण दोन टक्के. बेंगळुरूच्या ‘अमृत’मध्ये दहा-बारा टक्के जातात. या कंपनीने २००४ मध्ये ग्लासगोत, म्हणजे थेट स्कॉच पिणाऱ्यांच्या घरात जाऊन, आपली सिंगल माल्ट बाजारात आणली.

हिशेब मांडा. दोन टक्क्यांनी १८ वर्षांत १०० लिटरचे सुमारे ७० उरतात. दहा टक्क्यांनी उरतात जेमतेम १५.