शॉकअपचे तेल

हिमायतनगरहून खेड्याकडे मोटरसायकलने जाताना पुढचे चाक खड्ड्यात आदळते. दणका थेट खांद्यापर्यंत पोचतो, ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसते. समजावे, शॉकअपचे तेल थकले.

चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांत स्प्रिंग आणि तेल असते. स्प्रिंग उसळते, तेल बारीक भोकांतून जाताना तिला आवरते.

तेल बदलणे घरी जमते, पण घाईने नव्हे. गाडी मधल्या स्टँडवर घ्या. इंजिनाखाली लाकडी ठोकळा द्या, चाक अधांतरी हवे. वरचा बोल्ट आधी थोडा सैल करा, मग चाक काढून नळी सोडवा. बोल्टखाली स्प्रिंग दबलेली असते. तो सुटताना उडतो, म्हणून तोंड बाजूला ठेवा. नळी उलटी धरून दाबा-ओढा, सगळे तेल निथळू द्या.

नवे तेल शॉकअपचेच घ्या. गाडीच्या पुस्तिकेत लिहिले तेवढेच, औषधाच्या मापाने, दोन्ही नळ्यांत सारखे. इथे अंदाज नको, असे आम्ही बजावून सांगतो. तेल जास्त झाले की सील फुटते. तेल ओघळून ब्रेकवर गेले तर ब्रेक घसरतो, आणि मागे लेकरू बसलेले असते.

सगळे नट आवळून, ब्रेक तपासूनच गाडी काढा. जुने तेल नाल्यात ओतू नका, डब्यात भरून मिस्त्रीकडे द्या. सील आधीच ओले दिसत असेल, तर नुसत्या तेलाने भागत नाही. ते मिस्त्रीकडूनच बदलून घ्या.