दुखणे थांबले, तरी हाड जपावे

पेडणे-डिचोलीकडील कित्येक घरांतून कर्करोगाचे नाव आजही दबक्या आवाजात घेतले जाते. हा रोग शरीरात अन्यत्र उद्भवून खुब्याच्या हाडात उतरला, की चालणे तर राहोच, कुशीवर वळणेही कठीण होते. अशा काही रुग्णांना हाडात सुईवाटे सिमेंट भरण्याचा उपचार सुचविला जातो. नाव ऐकून घरची माणसे दचकतात. परंतु हे बांधकामाचे सिमेंट नव्हे. इंग्लंडचे डॉ. जॉन चार्न्ली यांनी कृत्रिम खुबा बसविण्यासाठी रूढ केलेला हा पदार्थ १९८४ साली फ्रान्समध्ये प्रथम मणक्यात सुईने भरला गेला. तीच रीत पुढे खुब्यासाठीही आली.

मिश्रण काही मिनिटांत घट्ट होते आणि पुष्कळदा थोड्याच दिवसांत वेदना ओसरते. रुग्ण उठून हिंडू लागतो. सावध राहावयाचे ते येथेच! दुखणे थांबले म्हणजे हाड सांधले, असे नव्हे. सिमेंट दाब चांगला सोसते. वाकणे व पिळवटणे त्यास सोसत नाही. खुब्याच्या वाटीवर मुख्यतः दाब पडतो, म्हणून तेथे ते उपयोगी पडते. मांडीच्या हाडाची मान मात्र तिरकी असल्याने पावलागणिक तिला वाक बसतो. रोगाने हाडाचे बाह्य कवच ३ सेंटिमीटरांहून अधिक लांबीत पोखरले असेल, तर नुसत्या सिमेंटवर विसंबणे धोक्याचे ठरते. तेथे धातूच्या सळईचा वा स्क्रूंचा आधार लागतो.

म्हणून बांबोळीच्या किंवा अन्य इस्पितळातून घरी परतण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत, असे आम्ही सुचवितो : सिमेंट वाटीत भरले की मांडीच्या हाडात? आणि पायावर किती भार द्यावयाचा? घरी आल्यावर पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या, ओली न्हाणी व उकिडवे बसणे टाळावे. चालताना मांडीत वा जांघेत नव्याने कळ आली, तर तेल चोळू नये, ‘थोडे चालून पाहा’ असा आग्रहही धरू नये. पाय न हलविता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वेदनेपासून मिळालेली सुटका मोलाची आहे. ती टिकावी म्हणूनच ही सावधगिरी.