'ले-ऑफ' म्हणजे नोकरी गेली का?

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत घडलेली गोष्ट. एका गृहस्थांच्या हाती कारखान्याने इंग्रजीत टाईप केलेला कागद दिला. घरात इंग्रजी वाचणारी एकच, दहावीतली मुलगी. तिने शब्दकोश काढला. 'ले' म्हणजे ठेवणे, घालणे. कोंबडी अंडे घालते तेही 'ले'च. 'ऑफ' म्हणजे दूर, बंद. दोन्ही जोडून पोरीला काही उमगेना. शेवटी खाली बारीक अक्षरांत सापडले, 'ले ऑफ : कामावरून काढून टाकणे'. घरात रडारड झाली. आईने गळ्यातली पोत मोडली तर किती येतील, याची चौकशी केली. आणि गृहस्थांनी दुसऱ्या दिवसापासून कारखान्याकडे फिरकणेच सोडले. नोकरीच गेली, मग जायचे कशाला?

नुकसान झाले ते इथेच. नोकरी गेलेली नव्हतीच.

इंग्रजीत क्रियापदाला 'ऑफ', 'अप', 'डाऊन' असे शेपूट लागले की अर्थ पार बदलतो, हे आमची मुले शाळेत शिकतात. पण तोच जोडशब्द देशागणिक आणि कायद्यागणिक बदलतो, हे कुणी सांगत नाही. अमेरिकेत 'लेड ऑफ' म्हणजे बहुतेक वेळा नोकरी संपली. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटा कंपनीने सुमारे ११,००० लोकांना कमी केले, तेव्हा वर्तमानपत्रांनी हाच शब्द वापरला, आणि ती माणसे परत बोलावली जाण्यासाठी घरी बसवलेली नव्हती. आपली जी मुले तिकडे एच-वन-बी व्हिसावर आहेत, त्यांना अशा वेळी नवे काम शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. घरगुती बोलण्यात मात्र याच शब्दाचा अर्थ भलताच साधा. 'ले ऑफ सिगारेट्स' म्हणजे सिगारेट सोड; 'ले ऑफ हिम' म्हणजे त्याच्या वाटेला जाऊ नकोस. भावंडांच्या भांडणात आई जे ओरडते, तेच!

आपल्या देशात कामगाराच्या बाबतीत या शब्दाला कायद्याने वेगळा अर्थ दिला आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली दुरुस्ती होऊन ले-ऑफची भरपाई आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली, तरी हा अर्थ तसाच आहे. कोळसा नाही, वीज नाही, कच्चा माल नाही, तयार माल पडून आहे, यंत्र मोडले किंवा नैसर्गिक आपत्ती आली, अशा कारणाने मालक काम देऊ शकत नाही, पण कामगाराचे नाव हजेरीपटावर कायम आहे, याला ले-ऑफ म्हणतात. कायमचे कमी करणे ही निराळी गोष्ट. ती कामगार कपात; तिच्यासाठी नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, असा निराळा हिशेब आहे. आणि मालकाने कारखान्याला कुलूप घातले तर ती टाळेबंदी. (२०२० साली लॉकडाऊनलाही वर्तमानपत्रांनी 'टाळेबंदी'च म्हटले, त्यामुळे हा शब्दही आता घोटाळ्याचा झाला आहे.)

ज्या कारखान्यात पन्नास किंवा जास्त कामगार आहेत आणि काम हंगामी नाही, तेथे एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला ले-ऑफच्या दिवसांची भरपाई मिळते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जे होईल, त्याचा निम्मा. म्हणजे हे दोन्ही मिळून महिना १२,००० असतील, तर सहा हजार. बदली कामगाराला ती नाही. पण बदली म्हणून लागलेल्यानेही सलग वर्ष भरले की या बाबतीत त्याला बदली मानता येत नाही. गिरणीतल्या लोकांना हे तोंडपाठ असे.

आता खरी मेख. नेमलेल्या वेळी रोज किमान एकदा कारखान्यावर हजर व्हावे लागते. हजर होऊन दोन तासांत काम मिळाले नाही, तर त्या दिवसाचा ले-ऑफ धरतात. जो घरीच बसला, त्याची त्या दिवसाची भरपाई बुडाली.

आमच्या गृहस्थांचे असे दोन आठवडे गेले. मग शेजारचे एक जुने गिरणी कामगार सहज डोकावले. इंग्रजीचे एक अक्षर न शिकलेले. मुलीने कागद वाचायला घेतला आणि 'लेड ऑफ' हे शब्द आले, तसे ते म्हणाले, "अरे, ले-ऑफ लागलाय तुला! नोकरी गेली कुठं? उद्यापासून गेटवर जाऊन सही कर." आमच्या मते त्या घरात त्या दिवशी इंग्रजी सर्वांत चांगले त्यांनाच येत होते. गिरणगावात हा शब्द आमच्या माणसांनी कोशातून नव्हे, उपाशी पोटी शिकला होता.

गृहस्थ दुसऱ्या दिवसापासून जाऊ लागले. पुढच्या दिवसांचे पैसे मिळाले, मागच्या दोन आठवड्यांचे मिळाले नाहीत. पोत मात्र वाचली.

घरी असा कागद आला, तर कोश जरूर उघडावा, पण त्याच दिवशी युनियनच्या माणसाला किंवा कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तो दाखवावा. कागदावर तारीख आणि कारण लिहिले आहे का, ते पाहावे आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. त्या मुलीने आपल्या कोशात 'काढून टाकणे' या शब्दांपुढे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : 'बाबांच्या कारखान्यात नाही.'