गटाराचं पाणी शुद्ध होतं म्हणजे नेमकं काय होतं?



खाडीत बोय, कोळंबी मिळेनाशी झाली की आपण म्हणतो, गटाराचं पाणी आलं. आता लहान नगरपालिकाही सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, म्हणजे एसटीपी बांधतायत. तो झाला की खाडी वाचेल का? त्यासाठी तो चालतो कसा, हे आपल्याला माहीत पाहिजे.

मैला, खरकटं पाण्यात आलं की जीवाणू ते खातात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. मग मासा गुदमरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे मासळीसाठी नदीच्या पाण्यात लिटरला किमान 4 मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा. पहाटे तो सगळ्यात कमी असतो. म्हणून बऱ्याचदा सकाळीच मेलेली मासळी तरंगताना दिसते.

प्रकल्पात हेच जीवाणू टाकीत कामाला लावतात. आधी चाळणीत कचरा अडतो, मग वाळू खाली बसते. पुढच्या टाकीत पंपाने हवा सोडतात, तिथे जीवाणू घाण खातात. गाळ बसला की वरचं पाणी क्लोरीन मारून सोडतात. म्हणजे सगळा खेळ हवेचा, आणि हवा विजेवर. वीज गेली, पंप बंद पडला, की घाण तशीच पुढे.

आपल्या वरच्या अंगाला, तापीच्या काठी सुरत आहे. तिथल्या महापालिकेने अंजना इथल्या प्रकल्पात 2003 पासून गाळाच्या गॅसवर वीज तयार केली. 2014 मध्ये बमरोलीला आणखी पुढची प्रक्रिया सुरू झाली. तिथे दिवसाला 4 कोटी लिटर सांडपाणी साफ करून पांडेसराच्या कापड रंगवणाऱ्या कारखान्यांना देण्याची सोय आहे. तेवढं नदीचं गोडं पाणी वाचतं.

पण एक गोष्ट विसरू नका. कारखान्यात वापरल्यावर तेच पाणी रंग आणि रसायनं घेऊन बाहेर पडतं. त्याला वेगळा प्रकल्प लागतो. मैला खाणारे जीवाणू सगळे रंग किंवा जड धातू संपवू शकत नाहीत. उलट असं पाणी चोरून गटारात सोडलं तर टाकीतले जीवाणूच मरतात.

म्हणून आपल्या नगरपालिकेला हे विचारा:

1. सगळे नाले प्रकल्पाला जोडलेत का, की एखादा थेट खाडीत जातो?
2. वीज गेल्यावर जनरेटर चालतो का? डिझेलची तरतूद आहे का?
3. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी किती? 2017 च्या केंद्राच्या अधिसूचनेत ही मर्यादा महानगरांना लिटरला 20, इतर ठिकाणी 30 मिलिग्रॅम आहे. बीओडी म्हणजे उरलेली घाण किती ऑक्सिजन खाणार त्याचं माप.
4. क्लोरीन किती टाकतात? जास्त झालं तर मासळीची पिल्लं मरतात.
5. कारखान्याचं पाणी गटारात येतं का, ते कोण तपासतं?

उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो.

आणि मेलेली मासळी दिसली की नुसती हळहळ नको. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, कुठल्या नाल्याजवळ, हे लिहून ठेवा, फोटो काढा आणि सोसायटीत आणून द्या. तोंडी तक्रार विसरली जाते. लेखी नोंद असली की प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ठामपणे बोलता येतं.