पोरीला परभणीच्या शाळेत घालावं का?

परभणीहून पूर्णेच्या गाडीत बसलं, की पहिलंच स्टेशन पिंगळीचं. माझी धाकटी नणंद तिथे दिलेली आहे. दिवाळीला माहेरी आली ती एकच विषय डोक्यात घेऊन. लेक सातवीत, जूनपासून आठवीला जाणार. फराळाचं ताट तसंच ठेवून म्हणाली, "वहिनी, हे म्हणायलेत पोरीला आता परभणीला टाकू. शेजारची दोघं व्हॅननं जायलेत. गावातल्या शाळेत आपलीच मागं राहील का काय?"

मला विचारायचं कारण एवढंच, की मी स्वतः अशाच एका लहान गावच्या हायस्कुलात शिकले. वर्गात आम्ही तीसेक मुलंमुली, आणि प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट!

पण खरं सांगू का, त्या कपाटातली परीक्षानळी प्रत्येकीच्या हातात यायची. साठ-सत्तरांच्या वर्गात प्रयोग पुढच्या दोन बाकांनाच दिसतो, मागच्यांनी वहीत आकृती काढायची. स्नेहसंमेलनात काम, कबड्डीच्या संघात जागा, पंधरा ऑगस्टचं भाषण, लहान शाळेत हे सगळं करायला मुलं पुरत नाहीत, म्हणून लाजाळू पोरीलाही कुणीतरी पुढे ढकलतंच. मी पहिल्यांदा चारचौघांत बोलले ती अशीच, पाय लटलट कापत.

आणि शहरात वेगळं असं काय मिळतं? मराठी शाळेत पुस्तक बालभारतीचंच. दहावीची प्रश्नपत्रिकाही पिंगळीच्या मुलीला एक आणि परभणीच्या मुलीला दुसरी, अशी येत नाही. फरक पडतो तो वेळेचा. सकाळची शाळा असेल तर व्हॅनसाठी पोर साडेपाचला उठणार, तिच्या आधी आई उठून डबा करणार. संध्याकाळी घरी येईतो मुलगी पेंगुळलेली. व्हॅनचे महिन्याचे पैसे निराळेच. तेवढ्या वेळात गावातली मुलगी अभ्यास आटोपून अंगणात खेळून येते.

आता थोडं नाजूक बोलते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. शाळा सुटली, की स्थळं यायला लागतात, हे आपल्याला काही पाहणीनं सांगायला नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वयाच्या मुलांची सोय केली, घराजवळ शाळा हवी असं धरलं. पण नववी-दहावी त्या हक्काच्या बाहेरच राहिली, आणि मुली गळतात त्या नेमक्या तिथेच. बस चुकते, पाऊस लागतो, कुणी रस्त्यात काही बोलतं, आणि वडील म्हणतात, "राहू दे आता."

मी नववीत असताना आमच्याकडे पाहुणे बघायला आले होते. तीन दिवस मी शाळेत गेले नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी आमचे गणिताचे गुरुजी बायकोला घेऊन ओसरीवर येऊन बसले. लग्नाचा शब्दही काढला नाही. चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले, आणि उठताना वडिलांना म्हणाले, "पोरीचं गणित चांगलं आहे. दहावी होऊ द्या, मग तुमचं तुम्ही बघा." वडिलांना त्यांचा शब्द मोडवेना. हजाराच्या शाळेत माझी गैरहजेरी रजिस्टरात लागली असती, ओसरीपर्यंत आली नसती.

सासूबाई हे सगळं ऐकत होत्या. त्यांची शाळा चौथीत सुटली, कारण त्यांच्या गावात पाचवीच नव्हती. एवढंच म्हणाल्या, "आमच्या वेळंला शाळा दारात असती तर!" आणि चिवडा नीट करायला लागल्या.

सगळं गोडच होतं असं मात्र नाही हं. आमच्या इंग्रजीच्या सरांची बदली झाली आणि वर्षभर जागा भरली नाही. गाइडावर पास झाले, पण पुढे कॉलेजात पहिले सहा महिने बाकावर नुसती बसून असायची. म्हणून नणंदेला म्हटलं, इमारतीकडे बघू नकोस, पण डोळे मिटूनही राहू नकोस. चालू दिवशी स्वतः शाळेत जा. इंग्रजी-गणिताला शिक्षक आहेत का, हे मुख्याध्यापकांना सरळ विचार. सेमी आहे का, तेही विचार. प्रयोगाचं कपाट उघडून दाखवा म्हण. आणि मुलींच्या संडासाला पाणी आणि आतून कडी आहे ना, हे आधी बघ. त्या चार दिवसांत कितीतरी मुली एवढ्यासाठीच घरी राहतात. काही कमी असेल तर दोघीचौघी मिळून शाळा व्यवस्थापन समितीत बोला. एकट्या बाईचं कुणी ऐकत नाही, चौघी गेल्या की खुर्च्या मांडतात.

अजून एक. शाळेचा पट कमी झाला, की संचमान्यतेत शिक्षकांच्या जागाही कमी होतात. आज दोन व्हॅन भरून पोरं गेली, तर उद्या ज्यांना व्हॅन परवडत नाही त्यांच्या मुलींपुढे शिकवायला कोण उरणार? ऐपत असलेल्यांनीच आधी पाय काढला, की शाळेसाठी भांडायलाही कुणी राहत नाही. भाऊजींना हे पटेल की नाही, शंकाच होती मला.

दहावीनंतर मात्र परभणी गाठावीच, त्यात दुमत नाही. मुलींना एस.टी.चा पास मोफत मिळतो, आणि सोळाव्या वर्षी पोर जरा शहाणीही झालेली असते.

गेल्या आठवड्यात नणंदेचा फोन आला. शाळेत दोनदा जाऊन आली होती, आणि दहावीपर्यंत गावातच, असं एकदाचं ठरलं. भाऊजी कबूल झाले, पण आता लेकीनंच हट्ट धरला होता, व्हॅनचे पैसे वाचले तर सायकल घ्या.

"शाळा दहा मिनिटांवर, सायकल कशाला गं लागते?" मी विचारलं.

"तिची मैत्रीण आखाड्यावर राहते की वहिनी. तिला डबलशीट आणायचंय म्हणे रोज."