उन्हाळ्यात हवा कमी कशाला?

उन्हाळा लागला की पेट्रोल पंपावरच्या हवेच्या मशीनपाशी एक सूचना हमखास ऐकू येते : "बत्तीस नको, अठ्ठावीसच मार, हायवेला जायचंय." तर्क वरवर बिनतोड आहे. रस्ता तापतो, टायर तापतो, आतली हवा प्रसरण पावते. मग आधीच थोडी कमी भरलेली बरी. पण टायर फुटण्याची भीती ज्या उपायाने घालवायची, तोच उपाय टायर फोडतो.

गाडीचं वजन रबर पेलतं असं आपण धरून चालतो. खरं वजन पेलते ती कोंडलेली हवा. रबर आणि त्यातले धागे-तारा तिला फक्त बांधून ठेवतात. बाराशे किलोच्या मोटारीच्या एका चाकावर साधारण ३०० किलो भार येतो. आत ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सव्वादोन किलो दाब असेल, तर टायर जमिनीला सुमारे १३० चौरस सेंटीमीटर टेकतो. म्हणजे जेमतेम पोस्टकार्डाएवढी जागा! हवा कमी झाली की ही जागा वाढते आणि त्यासाठी टायरची बाजू अधिक दबते. ताशी १०० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला चौदा-पंधरा फेरे घेतं, आणि तितक्याच वेळा बाजूचा प्रत्येक भाग वाकून सरळ होतो. टायर तापतो तो मुख्यतः या वाकण्याने. उष्णता साचत गेली की रबराचे थर सुटू लागतात, आणि मग तो फुटतो.

मग उन्हाने वाढणाऱ्या दाबाचं काय? तो वाढतो, पण पाच-सहा पीएसआयने. एवढी वाढ हिशेबात धरूनच कंपनीने थंड टायरसाठीचा आकडा दिलेला असतो. मोटारीच्या टायरवर कमाल दाब बहुधा ४४ किंवा ५१ छापलेला आढळेल. समृद्धी महामार्गावर टायर फुटले की दोष काँक्रीटला दिला जातो. काँक्रीट उन्हात काळ्या डांबराइतकं तापत नाही. तासन्‌तास न थांबता, मोठ्या वेगाने आणि जादा सामान भरून धावणं हे टायरला खरं जड जातं, त्यात हवा कमी असली तर विचारूच नका.

शेतातला ट्रॅक्टर मागच्या टायरमध्ये बारा-पंधरा पीएसआयवर खुशाल चालतो, हा आक्षेप रास्त आहे. तिथे पसरट टेकाच हवा असतो, म्हणजे माती दाबली जात नाही आणि पकड मिळते. शिवाय वेग बैलाच्या चालीहून फार जास्त नसतो. उलट, मोठ्या प्रवासी विमानाच्या टायरमध्ये २०० पीएसआयच्या आसपास दाब लागतो. गोदामातल्या संथ फोर्कलिफ्टला तर भरीव रबरही चालतं. प्रत्येकाचा भार आणि वेग वेगळा, म्हणून आकडा वेगळा. रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्ये हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं आणि १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप या पशुवैद्याने ते सायकलीसाठी पुन्हा शोधलं, तेव्हापासून हे गणित बदललेलं नाही.

आपल्या गाडीचा आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. गाडी भरलेली असेल तर त्याशेजारचा मोठा आकडा धरा. सकाळी निघण्याआधी, टायर थंड असताना हवा तपासा. वाटेत टायर गरम लागला म्हणून हवा सोडू नका, आणि स्टेपनीही बघून घ्या.