मित्राचा मित्र आपला मित्र? गणितातल्या गटांच्या ५ गमती

आधी ३ मिळवा, मग ५. किंवा उलट करा. उत्तर तेच. क्रम बदलूनही फरक पडत नसेल, तर त्या दोन क्रियांचं ‘जमतं’ म्हणू. आता क चं ख शी जमतं, ख चं ग शी जमतं. मग क आणि ग चंही जमतं का? गणितातला ‘गट’ म्हणजे क्रियांचा असा संच, ज्यात दोन क्रिया लागोपाठ केल्या किंवा एखादी उलट केली तरी संचातलीच क्रिया मिळते. बहुतेक गटांत या नियमाची खात्री नसते. जिथे ती असते, ते गट ‘पास’, आणि भारी देखणे! (‘काहीच न करणे’ हा अविकारक घटक मात्र या हिशेबात धरायचा नाही. त्याचं सगळ्यांशीच जमतं.)

१. त्रिकोण पास, चौरस नापास. समभुज त्रिकोण फिरवून किंवा उलटवून पुन्हा जागेवर बसवण्याच्या ६ क्रिया नियम पाळतात. चौरसाच्या ८ क्रियांत अर्धा फेरा सगळ्यांशी जमवून घेतो, पण पाव फेरा आणि उलटवणं यांचं आपसांत जमत नाही. सम बाजूंचे सगळेच सुसम बहुभुज असे अडकतात. विषम बाजूंचे सुटतात.

२. रुबिक क्यूबही नापास. क्यूबच्या ४३,२५२,००३,२७४,४८९,८५६,००० स्थितींत एक ‘सुपरफ्लिप’ आहे: कडेचे बाराही तुकडे जागच्या जागी उलटे. ही स्थिती आणणारी क्रिया प्रत्येक चालीशी जमवते. शेजारच्या दोन बाजूंच्या चालींचं मात्र एकमेकींशी जमत नाही. मोडला नियम!

३. फुटबॉल पास. १२ पंचकोन आणि २० षटकोनांचा चेंडू स्वतःवरच बसवणारी भ्रमणं ६०. अविकारक वगळून उरलेली ५९ नेमक्या २१ टोळ्यांत विभागतात. टोळीत सगळ्यांचं जमतं, टोळीबाहेर कुणाशीच नाही.

४. काही अनंत गटही पास. दोन अक्षरं घ्या आणि त्यांच्यावर कसलीही अट न घालता मुक्त गट बनवा. त्यातले दोन शब्द एकाच शब्दाचे घात असतील तरच त्यांचं जमतं.

५. छोटा नियम, मोठं फळ. गणितज्ञ लुई वाइस्नर यांनी १९२५ मध्ये नियम पाळणारे सांत (मोजक्या घटकांचे) गट अभ्यासले. १९५७ मध्ये मिचिओ सुझुकी यांनी दाखवलं, की अशा गटातल्या घटकांची संख्या विषम असेल तर तो पायरीपायरीने क्रमनिरपेक्ष (जिथे सगळ्यांचं सगळ्यांशी जमतं अशा) तुकड्यांत उलगडतो. त्याच वाटेने पुढे जात फाइट आणि थॉम्पसन यांनी १९६३ मध्ये विषम संख्येच्या सर्वच सांत गटांसाठी हे सिद्ध केलं. पानं लागली २५५!

स्वतः तपासायचंय? अविकारक सोडून प्रत्येक घटकाशी जमणाऱ्यांची यादी करा. प्रत्येक यादीतल्या सगळ्यांचं आपसांत जमलं, की गट पास.